लेहला कधी निघावं? खिंडीपासून मागे मोजत या

सुदामानगरातला माझा भाचा रविवारी सकाळी न सांगता पोहे-जिलबी घेऊन आला की समजावं, याला काहीतरी विचारायचं आहे. या वेळचा प्रश्न होता, "मामा, बाइकनं लेहला जायचंय. सगळ्यात चांगला सीझन कुठला?"

मी म्हटलं, "कुठला म्हणजे कुणाचा? इंदूरचा, कोट्याचा, मंडीचा की तांगलांग लाचा?"

तो जिलबी हातात धरून बघत राहिला. गोम इथेच आहे. आपण 'सीझन' म्हणतो तेव्हा एका जागेचा सीझन डोक्यात असतो. महाबळेश्वरचा सीझन, गोव्याचा सीझन. लांबचा रस्ता ही एक जागा नसते. इंदूर ते लेह साधारण अठराशे किलोमीटर. सुरुवात साडेपाचशे मीटर उंचीच्या माळव्याच्या पठारावर, मग राजस्थानची भट्टी, हरियाणाचं सपाट मैदान, बियास नदीच्या काठचे ठिसूळ डोंगर आणि शेवटी ५,३२८ मीटरवरची तांगलांग ला ('ला' म्हणजे खिंड). या सगळ्यांचा मूड एकाच वेळी चांगला असेल असा आठवडा कॅलेंडरात नाही. म्हणून 'सगळ्यात चांगला सीझन' शोधत बसलं की माणूस गोल गोल फिरतो. कुणी मे सांगतो, कुणी जुलै, कुणी सप्टेंबर, आणि आपापल्या जागी तिघंही खरं बोलत असतात.

आपल्याकडे लग्नाची तारीख कशी ठरते ते आठवा. मुहूर्त पाच-सहा निघतात. मग कार्यालय कधी रिकामं आहे ते बघतात. कार्यालय मिळालं की केटरर, बँड, पुण्याच्या आत्याचं रेल्वेचं तिकीट हे सगळं त्या तारखेला जुळवून घेतात. आत्याच्या तिकिटावरून लग्नाची तारीख कुणी काढत नाही. प्रवासाचंही तेच आहे. रस्त्यावरची जी जागा वर्षातले सगळ्यात कमी दिवस सुखरूप पार होते, तिची तारीख आधी धरायची आणि तिथून मागे मोजत घरापर्यंत यायचं. बाकीच्या ठिकाणी उकडेल, भिजायला होईल, ते सोसायचं.

मग लेहच्या रस्त्यावरचं 'कार्यालय' कोणतं? जुने लेख वाचलेत तर उत्तर मिळेल रोहतांग. ते आता शिळं झालं. ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि ३,९७८ मीटरची रोहतांग खिंड वाटेतून बाजूला पडली. आता खरी अडचण पुढे आहे: बारालाचा ला, लाचुंग ला आणि तांगलांग ला. तिन्ही ४,८०० मीटरच्या वर. आधी लागते ती बारालाचा, आणि रस्ता बंद पडतो तोही बहुतेक तिथेच.

तिथे किती थंडी असेल हे घरबसल्या ताडता येतं. दर हजार मीटर चढाईला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. मनाली २,०५० मीटरवर, तांगलांग ला त्याहून जवळपास ३,३०० मीटर उंच, म्हणजे एकवीस अंशांचा फरक. मनालीत दुपारी वीस अंशांच्या उन्हात तुम्ही जाकीट काढून चहा पीत असाल, तेव्हा वर पारा शून्याला टेकलेला असतो. आणि ही झाली दुपारची गोष्ट. शिवाय मोबाइलवरचं तापमान उभ्या माणसाचं असतं, चालत्या गाडीवर बसलेल्याचं नसतं. पाच अंशांच्या हवेत ताशी ऐंशीनं गेलात तर उघड्या त्वचेला ती उणे तीनसारखी लागते. बोटं आधी जातात, आणि ब्रेक-क्लच बोटांनीच धरायचे असतात. म्हणून महिन्याचं सरासरी तापमान मी बघतच नाही. पहाटे पाचला किती असतं, ते बघतो.

आता 'रस्ता उघडला' या बातमीबद्दल. सीमा सडक संघटना हल्ली मार्च-एप्रिलमध्येच बर्फ कापून वाट मोकळी करते, आणि टीव्हीवर ते दृश्य बघून इंदुरात निम्म्या पोरांच्या सॅक भरून तयार होतात. पण उघडणं आणि बाइकला योग्य होणं यात काही आठवड्यांचं अंतर असतं. सुरुवातीला एकेरी वाहतूक, आधी मोठ्या आणि चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या, दुचाकींचा नंबर नंतर. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीहून वर बर्फाच्या भिंती. फोटोला छान. पण त्या भिंती दिवसभर रस्त्यावर ठिबकत राहतात आणि रात्री ते पाणी गोठतं. सकाळी डांबरावर काचेसारखा पातळ थर असतो, तो दिसत नाही. चार चाकांची गाडी त्यावर घसरते, दोन चाकांची सरळ आडवी होते.

मेअखेर, जूनच्या पहिल्या आठवड्यात हा प्रकार कमी होतो आणि दुसरा सुरू होतो: नाले. वरचं बर्फ वितळून रस्त्यावरून आडवं वाहतं. या नाल्यांना स्वतःचं घड्याळ असतं. रात्री वर सगळं गोठतं म्हणून पहाटे पाणी घोट्याइतकं. दहानंतर ऊन चढतं, आणि ते वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत दुपार होते. सकाळी सातला हसत ओलांडलेला नाला चारला सायलेन्सर बुडवतो. म्हणून जून-जुलैत तिकडचे ड्रायव्हर अंधारात निघतात. सप्टेंबरपर्यंत वितळण्यासारखं बर्फच फारसं उरत नाही आणि नाले आपोआप निवतात. सप्टेंबरची ही बाजू कुणी फारशी सांगत नाही, माझ्या लेखी ती सर्वांत मोठी.

आता पाऊस. हा भाग जरा सावकाश बघू, कारण सगळं कोडं इथे सुटतं.

लडाखला पाऊस जवळजवळ नाही. लेहला वर्षभरात मिळून साधारण शंभर मिलिमीटर, आपल्या इंदूरला त्याच्या नऊ-दहापट. दक्षिणेकडून आलेले ढग हिमालयाच्या अलीकडच्या उतारावर रिकामे होतात, पलीकडे कोरडी हवा जाते. म्हणून लोक म्हणतात, जुलै-ऑगस्टला लेह मस्त. लेह मस्तच असतं (५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्रीसारखी ढगफुटी हा भयंकर अपवाद). पण लेहला पोचायचं ते त्याच अलीकडच्या उतारावरून, जिथे ढग रिकामे होत असतात. मंडी, पंडोह, औट, कुल्लू हा पट्टा. जुलै २०२३ मध्ये बियासनं तिथे रस्ते, पूल, इमारती नेल्या ते सगळ्या देशानं पाहिलं. मी स्वतः एका जुलैत औटच्या अलीकडे दोन दिवस अडकून पडलो होतो. वरून दगड येत होते, समोर जेसीबी होता, आणि आमच्या रजेतले दोन दिवस डाळ-भात खाण्यात गेले. रजाच सोळा दिवसांची होती. परतीला एक दिवस आठशे किलोमीटर ओढावे लागले, तो मूर्खपणा मी पुन्हा करणार नाही.

सपाटीवरचा पाऊस वेगळा. तो त्रास देतो, अडवत नाही. रेनकोट, बुटांवर प्लास्टिक, वेग कमी, इतकं पाळलं की दिवस निघतो. आपल्या भागातला पावसाळी धोका खरं तर गुरांचा असतो: शेतं ओली म्हणून रात्री ती कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दिसत नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठला की तोही प्रश्न मिटतो.

मोसमी पाऊस येतो केरळातून, १ जूनच्या सुमारास. इंदूरला जूनच्या मध्यावर, हिमाचलात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. ८ जुलैपर्यंत सगळा देश व्यापतो. हे सगळ्यांना पाठ असतं. परतीचा हिशोब फार कमी लोक करतात. पाऊस ज्या क्रमानं आला त्याच्या उलट क्रमानं जातो, म्हणजे जिथे शेवटी पोचला तिथून आधी उठतो. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या नव्या वेळापत्रकानुसार पश्चिम राजस्थानातून माघारीची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, आणि तिथून तो खाली सरकत साधारण १५ ऑक्टोबरला देशातून जातो.

याचा बाइकवाल्याला अर्थ काय? सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही इंदुरातून भिजत निघालात, उज्जैन, आगर, सुसनेर, झालावाडकडे, तर तुम्ही उत्तरेला जाताय आणि पाऊसही उत्तरेकडून काढता पाय घेतोय. कोटा-बुंदी ओलांडता ओलांडता आभाळ उघडायला लागतं. दोन-अडीच आठवड्यांनी परत येता, तोवर माळव्यातूनही तो निघायच्या बेतात असतो. जूनमध्ये नेमकं उलट: तुम्ही निघता आणि पाऊस तुमच्या मागे लागतो. पुढे गेलात, दहा दिवस लेहला रमलात, तर परतताना तो मंडीला तुमची वाट बघत असतो.

तारखेसाठी माझी आई पंचांग उघडायची आणि मला ते फार उपयोगी वाटतं. कारण सणांवरून ऋतू मोजता येत नाही. 'गणपती झाले की निघू' असं इंदुरात हमखास म्हणतात, अनंत चतुर्दशीची गिरण्यांच्या झांक्यांची, म्हणजे देखाव्यांची, मिरवणूक बघितल्याशिवाय कुणाचा पाय निघत नाही. पण अनंत चतुर्दशी २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये १७ ला आणि २०२५ मध्ये ६ ला. तिथी चंद्राची, ती तीन-तीन आठवडे सरकते. पावसाची नक्षत्रं सूर्याची. मृग दर वर्षी ७-८ जूनला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २७ च्या आसपास. तेव्हा सूत्र असं: उत्तरा लागायच्या बेतात असताना घर सोडा, हत्तीचा पाऊस पडेपर्यंत उंच खिंडी मागे टाका. पंचांगात लेहचं नाव नाही, पण सूर्य तोच आहे.

खिंडी मागे टाकायची घाई का? सप्टेंबरअखेर पश्चिमेकडून येणारे पाऊस-बर्फाचे पट्टे, ज्यांना हवामानाच्या बातम्यांत पश्चिमी विक्षोभ म्हणतात, पुन्हा जागे होतात. २०१८ साली सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात याच वाटेवरच्या लाहौलमध्ये अवेळी जबर बर्फ पडलं आणि शेकडो लोक अडकले. सरासरी बघितली तर सप्टेंबर निरभ्र महिना आहे. पण खिंडीवर सरासरी भेटत नाही, तो एक दिवस भेटतो. म्हणून माझ्या वहीत बारालाचाची शेवटची तारीख २० सप्टेंबर आहे. त्यानंतरही लोक जातात आणि सुखरूप येतात. मी जात नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली. ऋतू नुसती तारीख ठरवत नाही, दिशाही ठरवतो. लेहला दोन मुख्य वाटा: मनालीवरून आणि श्रीनगर-कारगिलवरून. श्रीनगरच्या वाटेवर झोजी ला ३,५२८ मीटर आणि सगळ्यात उंच फोटू ला ४,१०८, म्हणजे मनालीच्या वाटेपेक्षा हजारभर मीटरनं कमी. जूनमध्ये जायचं असेल तर चढताना श्रीनगर, उतरताना मनाली. तोवर बारालाचाच्या भिंती आणखी विरघळतात आणि शरीरही हळूहळू उंचीला सरावतं. सप्टेंबरमध्ये बरोब्बर उलट, आधी मनाली. उंच खिंडी लवकर पार, आणि मागे बर्फ पडलंच तर उतरायला श्रीनगरची खालची वाट शिल्लक.

सप्टेंबरच्या या दिशेला एक काटा आहे, तो लपवत नाही. मनालीकडून उंची फार झपाट्यानं वाढते. सरचूला, ४,२९० मीटरवर, पहिल्याच रात्री झोपलात तर डोकेदुखी, उलट्या, रात्रभर जागरण. त्यापेक्षा जिस्पाला, जे त्याहून हजारेक मीटर खाली आहे, दोन रात्री काढाव्यात. मग तिथून पहाटे निघून एका दमात लेह गाठावं म्हणतात. पण सप्टेंबरात पहाटे निघालात तर बारालाचावर ऊन पोचायच्या आत तुम्ही पोचता, आणि सावलीतल्या वळणांवर तोच काचेचा थर. दोन सल्ले एकमेकांशी भांडतात. मी साडेसहाला निघतो, आधी नाही. दिवस बाराच तासांचा असल्यामुळे लेहच्या शेवटच्या तासात अंधाराशी शर्यत लागते. जूनमध्ये तिथे चौदा तासांहून जास्त उजेड असतो, हा जूनचा मोठा गुण मान्य करायलाच हवा.

मे-जूनचं ऊन मात्र आपल्या लोकांना हलकं वाटतं. "आम्ही माळव्याचे, ऊन काय सांगता!" अहो, माळव्याची रात्र गार पडते म्हणून आपण दिवसाचं ऊन विसरतो. कोट्याला पारा पंचेचाळीसवर गेला की गोष्ट बदलते. त्वचा साधारण पस्तीस अंशांची असते. हवा त्याहून गार असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा उष्णता आत भरतो, भट्टीच्या भात्यासारखा. तेव्हा गार ठेवायला फक्त घाम उरतो, आणि ताशी ऐंशीच्या वाऱ्यात तो इतक्या भर्रकन सुकतो की घाम येतोय हे कळतसुद्धा नाही. जाळीचं जाकीट, उघडे हात अशा वेळी घातक. अंग झाकायचं, आतला सुती शर्ट ओला करून घालायचा, पहाटे चारला निघून अकराला थांबायचं. त्यात दिवसाला तीनशे-साडेतीनशेच होतात, म्हणून मे-जूनच्या बेतात सपाटीला एक दिवस जास्त धरावा. थोडक्यात ऊन वेळ बदलून टाळता येतं, दरड टाळता येत नाही.

टायरमधली हवा वर गेल्यावर काढायची का, हे भाच्यानं मध्येच विचारलं. उंचीवर बाहेरचा दाब कमी, म्हणून मापकावर मनालीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. आणि एकवीस अंशांच्या गारव्यानं तेवढेच जवळपास कमी होतात. फिटंफाट. हात लावू नका. इंजिनाची ताकद मात्र तांगलांग लावर जवळपास निम्मी होते, कारण हवाच निम्मी. त्याला ऋतूचा इलाज नाही, सामान कमी करा.

हिवाळ्यात लेह हा विषय नाही, पण हिवाळा वाया घालवू नका. फक्त तोंड उत्तरेला नको. ग्वाल्हेरपासून पुढे आग्रा, दिल्ली, हरियाणापर्यंत डिसेंबर-जानेवारीत धुकं असं उतरतं की पुढच्या ट्रकचा दिवा दहा फुटांवर दिसतो. धुक्याला कपड्यांनी तोंड देता येत नाही. त्या महिन्यांत कच्छला जा: पावसाळ्यात भरलेलं मोठं रण तोवर सुकून पांढरं झालेलं असतं. किंवा नर्मदेच्या काठानं. परिक्रमावासी चातुर्मासात जिथे असतील तिथे थांबतात आणि पुढे कार्तिकात निघतात. त्यात धर्म आहेच, पण ओढे-नाले फुगलेले असताना चालू नये हा साधा व्यवहारही आहे. बाइकवाल्यालाही तो लागू पडतो.

भाच्याच्या ऑफिसात रजा सोळा दिवसांची. त्यातून चार दिवस मनालीपर्यंत, चार दिवस श्रीनगरहून घरी, तीन दिवस मनाली ते लेह, दोन दिवस लेह ते श्रीनगर. उरले तीन. ते जुलैत सगळेच्या सगळे दरडीच्या नावानं राखून ठेवावे लागतील, लेहला जेमतेम एक रात्र. सप्टेंबरात एक राखीव ठेवला तरी चालतं, दोन हातात राहतात. म्हणजे तेवढ्याच रजेत सप्टेंबर जास्त लडाख दाखवतो. हा हिशोब त्याला पटला. सोयाबीनच्या काढणीचे दिवस आहेत, येताना माळव्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या ओल्या काळ्या मातीवर ब्रेक मारू नकोस, हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो फोनवर होता.

मग त्यानं विचारलं, "आणि आजी?"

तोही ऋतूचाच भाग आहे. सप्टेंबरचे हे सोन्यासारखे दिवस पुष्कळदा पितृपक्षात येतात. मी २०२२ मध्ये १२ सप्टेंबरला निघणार होतो, तेव्हा पितृपक्ष लागून दोन दिवस झालेले. आईनं साफ नकार दिला. पश्चिमी विक्षोभ, बारालाचा, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग प्रस्थान ठेव." अनंत चतुर्दशीला संध्याकाळी तिनं माझं हेल्मेट आणि हातमोजे शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवले. शास्त्रानं मी त्या दिवशीच घराबाहेर पडलो. सोमवारी पहाटे पाऊस पडत होता. काकूंचं दार वाजवून हेल्मेट घेतलं, तर त्यांच्या नातवानं मागच्या बाजूला छोटा भीम चिकटवून ठेवला होता. तो तांगलांग लापर्यंत टिकला, लेहला पोचलो तेव्हा अर्धा उरला होता.